तळाची फट

प्रिय धाकट्या,

तुझं चाकांवरचं घर माझ्या अंगणात उभं आहे. गाडीमागे जोडून तुम्ही दोघं नवरा-बायको त्यातून किती हिंडलात! मी पत्र्याला ठिगळं लावली, सांधे बुजवले, निळा रंग दिला. शाळेतल्या कविता गुणगुणता गुणगुणता तळाची फटही बुजवून बसलो. तू बजावलं होतंस, "दादा, ती तेवढी उघडी ठेव. आत झिरपलेलं पाणी तिथूनच निघतं."

काल फोनवर तू विचारलंस, "गळत नाही ना?"

"थेंबही नाही! आभाळाचा तुकडा उतरलाय अंगणात."

"कविता पुरे, दादा. रविवारी न्यायला येतो. ती गेल्यापासून समुद्र पाहिला नाही. तिच्या खिडकीपाशी बसून बघायचाय."

आज त्याच खिडकीखाली बोट टेकवलं, तर ते लाकडात रुतलं. तिनं स्वतः घासून बसवलेली ती फळी. तळाची फट सुरीनं उघडली, तर तांबूस पाणी कितीतरी वेळ वाहत राहिलं. पाठ असलेली एकही ओळ तेव्हा आठवली नाही.

रंग उरलाय. आणखी एक हात मारला तर तुला कळणारही नाही, असं मनात आलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

हे पत्र पाठवलं तर तू तिकडूनच "असू दे, दादा" म्हणशील आणि मी सुटेन. म्हणून पाठवत नाही. रविवारी तू आलास की आधी तुझा हात धरून त्या फळीवर ठेवीन. मग काय बोलायचं ते बोल.

तुझ्यासमोर मान वर न होणारा,
दादा