रेषेवर थांबलेली माणसं

प्रिय अनिश,

तू पाठवलेली टोपी मिळाली. डोक्याला थोडी सैल होते, पण लाल रंग चांगला आहे. तिच्यावरच्या 'सूनर्स' शब्दाचा अर्थ तू कळवला नाहीस. ओक्लाहोमाच्या माणसांना तिकडे याच नावाने ओळखतात, एवढंच लिहिलंस. अर्धवट माहितीने मला चैन पडत नाही. कॉलेज अर्ध्यावर सुटलं तरी ही खोड सुटली नाही. म्हणून शनिवारी इथल्या लायब्ररीत जाऊन वाचून आलो.

१८८९ च्या एप्रिलमध्ये सरकारने तिथली जमीन वसाहतीसाठी खुली केली. मुळात ती ज्या आदिवासींची होती त्यांची गोष्ट वेगळी, आणि जास्त वाईट. हजारो माणसं घोडे, गाड्या घेऊन हद्दीवर उभी राहिली. दुपारी बाराला इशारा झाला की धावायचं, मोकळ्या तुकड्यावर खुंट ठोकायचा, आणि तो आपला म्हणायचा. माणसं घोड्यांच्या तोंडाला फेस येईपर्यंत धावली. पोहोचून बघतात तर ओढ्याकाठच्या चांगल्या जमिनीवर कोणीतरी आधीच बसलेलं. हे लोक वेळेआधीच आत घुसून झुडपांत लपले होते. ते सूनर, म्हणजे 'आधीच आलेले'. सुरुवातीला ती शिवी होती, कोर्टकचेऱ्याही झाल्या. पुढे तिचाच अभिमान वाटू लागला. नियम पाळून थांबलेल्यांना मात्र काहीच नाव पडलं नाही.

परवा उर्वी माझ्या आईला भेटायला आमच्याकडे आली होती. टोपी पाहून तिनेही अर्थ विचारला, मी हे सगळं सांगितलं. ती हसत म्हणाली, "म्हणजे इशाऱ्याची वाट बघत बसलेले बावळटच की रे!" आई म्हणाली, "बावळट कसले गं? सरळ होते बिचारे." मी चहाचे कप उचलून आत गेलो.

उर्वीचे बाबा गेले त्या हिवाळ्यात, इथे लंडनला हॅरोच्या स्टेशनबाहेर, मी तुला माझ्या मनातलं सांगितलं होतं. तुझ्याशिवाय कोणालाच नाही. घरात दुःख असताना लग्नाचं बोलू नये, वर्षश्राद्ध होऊ दे, मग विचारेन, असं मी म्हणालो. तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, "प्रण्या, तुझंच बरोबर आहे." आई किंवा वडील गेल्यावर घरातलं लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात, हे मला ठाऊक नव्हतं. इथे वाढलेल्या मला रीत अर्धीच माहीत होती. तुझ्या आईला, मनीषाकाकूंना, पूर्ण माहीत होती. त्या तुझं स्थळ घेऊन गेल्या, उर्वीच्या आईला आधार वाटला, आणि वर्षश्राद्धाला मी पोहोचलो तेव्हा उर्वी तुझी बायको म्हणून सगळ्यांना वाढत होती.

तू फसवलंस असं मी म्हणत नाही. कदाचित तुझंही तिच्यावर आधीपासून प्रेम असेल. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. आणि मी वेळेवर बोललो असतो तरी ती हो म्हणाली असती, असंही नाही. ते आता कधीच कळणार नाही.

आता हे पत्र का लिहितोय ते. मी स्लाऊला राहतो, विमानतळ जवळ आहे, म्हणून उद्या उर्वीला हीथ्रोला सोडायला तू मला सांगितलंस, आणि मी हो म्हणालो. मी जाणार नाही. गाडीत तिच्या शेजारी बसलो तर बोलून जाईन. बोलून आता कोणाचंच भलं नाही, हे कळतं, तरीही बोलेन. आमच्या शेजारचे उल्हासकाका तिला सोडतील. माझी गाडी सुरूच होत नाही, असं मी तिला मघाशी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे रे, पुढच्या वेळी भेटू." हे पत्र पोहोचेल तेव्हा ती तुझ्या घरी असेल. तिने कधी विषय काढलाच, तर गाडी खरंच बंद पडली होती, असं सांग. माझ्यासाठी एवढं कर. आणि सुट्टीत इकडे आलात, तर मला कळवू नकोस.

तुझाच, इतक्या दुरून,
प्रणव