बदली गडी

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. डॉक्टरांनी वीस तारखेला हृदयाचं ऑपरेशन ठरवलंय. नंतर महिनाभर गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. बारा गाईंच्या धारा कोण काढणार? तुझ्या वहिनीच्या मनगटांत जोर उरला नाही आणि शेजाऱ्यांच्या धारा त्याच वेळी. पूर्वी आपल्या शेतकरी संघाची खिडकी ठोठावली की दुसऱ्या पहाटे बदली गडी दारात. पाच संघ एकत्र झाले आणि खिडकीला कुलूप लागलं. फोन केला तर नुसतं संगीत! शेवटी अर्ज पाठवलाय. संघाच्या कचेरीत गड्यांची यादी तूच लावतेस, म्हणून कानावर घालतो.
माझा लोभ आहेच. बारा जणींचाही आहे.
तुझा दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. अर्ज मिळाला. अकरा गडी होते, एकत्रीकरणानंतर चार उरले. तातडीचा अर्ज वर घेण्याचा अधिकार माझा आहे. पण तू माझा भाऊ, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी बोट दाखवू नये म्हणून तुझा अर्ज क्रमानेच ठेवलाय. खरं सांगायचं तर, दोन घरं मागे सरकवलाय. चोवीस मार्चला गडी नक्की येईल. तेवढी ऑपरेशनची तारीख पुढे ढकल. रागावू नकोस, हट्टोबा.
आहे तसाच जीव लावत राहा.
धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. तारीख पुढे ढकलली. रागावलो नाही, आपल्या घरात कुणी रांग मोडलेली नाही. हल्ली दोन गाईंच्या मध्ये बसून घ्यावं लागतं. तांबडी शहाणी आहे, माझा दम परत येईपर्यंत हलत नाही. काळजी करू नकोस.
दादा

२५ मार्च

वन्संना,
नमस्कार. ह्यांना स्मशानात पोचवून तुम्ही परत गेलात, त्याला आज आठवडा झाला. काल गडी आला. दिलेल्या तारखेला, अगदी वेळेवर. हात हलका आहे, गाई त्याला बिचकल्या नाहीत. पण तांबडीपाशी, हे जिथे पडलेले सापडले तिथेच त्याने स्टूल टेकवलं, तेव्हा मला उभं राहवेना. मी घरात येऊन रडले. तुमचा राग आला, वन्सं. अजून आहे.
जाताना त्याने सहीसाठी कागद पुढे केला. त्यात एक रकाना होता, शेतकरी कामावर कधी परतणार. काय लिहू, असं त्याने विचारलं. मी त्याला तो कोराच ठेवायला सांगितला. कागद तुमच्याच टेबलावर येईल. तुम्हीच भरा.
लोभ ठेवा, असं लिहायला आज हात धजत नाही.
तुमची वहिनी