शेवटची आठ वचनं

बुध., २८ सप्टें. १९५५
मुसाला ताप. परवा दारफळणीच्या सणाला, आम्हा यहुद्यांच्या मोठ्या उपासाला, ह्यांच्या बाबांबरोबर दिवसभर दार लावून उपाशी बसला, तेव्हाच अंग कोमट लागत होतं. मला वाटलं, उपासाने. नऊ वर्षांच्या पोराला उपास करू देऊच नये, पण आजोबा-नातवाचं गूळपीठ, आईला विचारतो कोण. आज शाळेत सहावीच्या वह्या तपासल्या, एकीतलंही काही आठवत नाही. हे गाडीवर, इटारसीकडे. गार्डाशी लग्न केलं की घरातली सगळी दुखणी एकटीने... जाऊ दे.

शुक्र., ३०
उतार नाही. शेजारच्या कमलाबाई डोकावल्या. "मुसाले दवाखान्यात काऊन नेत नाई बाई? पोरगं वाळून राह्यलं." करीमचाचांच्या टांग्यातून सेवाग्रामला नेला. डॉ. म्हणाले विषमज्वर, ठेवून घेतला. वाटेत चाचा म्हणत होते, "मूसा तो पैगंबर का नाम है, बहनजी. अल्ला खैर करेगा."
दवाखान्यात नाव विचारलं, कुठलं सांगावं कळेना. घरात मुसा, शाळेत मोझेस, बाबांच्या पुस्तकात मोशे. मोझेस सांगितलं. तो तापात माझ्याकडे बघत होता, जणू दुसऱ्याच कुणाला दाखल करते आहे.

रवि., २ ऑक्टो.
हे आले, रजा मिळाली. रात्री हे खाटेपाशी, दिवसा मी. शाळेला सुट्टीचा अर्ज.
बाबा दवाखान्यातून परतताना टांग्यात म्हणाले, नाव बदलू या. आपल्यात रीत आहे. दुखणं हाताबाहेर जायला लागलं की पोराला नवं नाव द्यायचं. बोलावणं जुन्या नावावर येतं, त्या नावाचं कुणी सापडत नाही, परत जातं. हाईम ठेवायचं म्हणतात. हाईम म्हणजे जीवन.
मी म्हटलं, प्रार्थनेला आपले दहा पुरुष लागतात, वर्ध्यात तुम्ही बाप-लेक दोघेच.
"देवाला वर्धा ठाऊक आहे," बाबा म्हणाले.
"आणि मुसा त्या नावाला ओ तरी देईल का?"
घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत.

मंगळ., ४
ताप १०४. कमलाबाईंना नावाचं सांगितलं, वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्याइचं नाव उकंडा काऊन हाय, ठाऊक हाय का तुमाले? सासूचे चार लेकरं गेलते. मंग ह्याइले जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, न् थेच नाव देलं. आता साठी आली, अजून भाकरीले मीठ कमी म्हून भांडते." निघताना म्हणाल्या, "ठेवून द्या नाव. नावाले का पैसे लागते?"
संध्याकाळी त्याला तासभर नर्सबाईंवर सोपवून बाबांनी आणि ह्यांनी घरीच प्रार्थना करून नाव दिलं. मी दारात उभी होते. नाकाने कांदे सोलणारी मी, डोक्यावरून पदर घेतला होता. हे म्हणाले, तू पण आमेन म्हण. म्हटलं.

गुरु., ६
डॉ.: या आठवड्यात काय ते कळेल. "काय ते" म्हणजे काय, विचारायचं धाडस झालं नाही.
खाटेपाशी बसून नको ते आठवतं. पावसाळ्यात बाबांशी वाद घातला होता. कॉलेजातल्या व्याख्यानात ऐकलेलं, तोराची, आपल्या धर्मग्रंथाची, पाच पुस्तकं एका हातची नाहीत, पुष्कळ जणांनी शतकानुशतकं लिहिली, मग कुणीतरी एकत्र शिवली. बाबा म्हणाले, मोशेने लिहिली. मी विचारलं, मग पाचव्याच्या शेवटी मोशे मेल्याची हकीकत आहे, ती कुणी लिहिली? स्वतःच? तेव्हा बाबा म्हणाले होते, देव सांगत गेला आणि तो रडत रडत लिहीत गेला.
मला हसू आलं होतं. आज ते वाक्य डोक्यातून जात नाही.

शनि., ८
उद्या सिमहाथ तोरा. वर्षभर दर शनिवारी एकेक भाग वाचत आणलेली पाच पुस्तकं उद्या संपवायची, तोच सण. बाबांनी सांगून टाकलं, मी शेवटची आठ वचनं वाचणार नाही. नातू खाटेवर असताना "मोशे मेला" हे शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत.
मी म्हटलं, नाव तर बदललंत ना?
म्हणाले, "बदललं गं. पण मी तर अजून त्याला मोशेच म्हणतो. तोंडात तेच येतं."
म्हणजे त्यांचीही पाचावर धारण बसलेली. मला वाटत होतं भीती फक्त मला, बाबांना नुसता विश्वास. जीव जास्तच घाबरा झाला.

सोम., १०
काल सण, लिहिलं नाही.
आज सकाळी अंघोळीला घरी आले तर बाबा पुस्तक उघडून तसेच बसलेले, आठ वचनांपाशी बोट. पुस्तक जुनं, मराठी, मिशनवाल्यांनी छापलेलं, पहिलं पान केव्हाच गेलेलं. म्हणाले, इथे थांबलो तर पुन्हा आरंभ करता येत नाही. शेवट वाचून मिटायचं नसतं, लगेच पहिल्यापासून धरायचं असतं. असं अर्धवट कधी राहिलं नव्हतं.
मी शेजारी बसले. म्हटलं, बाबा, जुने लोकही म्हणतात ना, ही आठ मोशेची नव्हेत, त्याच्यामागून त्याच्या शिष्याने, यहोशवाने लिहिली? मग दुसऱ्या कुणी वाचली तर चालेल.
"बाईमाणसाने?"
"इथे दुसरं कोण आहे?"
पुस्तक माझ्याकडे सरकवलं.
वाचलं. शब्द साधेच आहेत, मराठीच आहेत. मोशेची कबर कुणालाच ठाऊक नाही, त्या ओळीवर थांबले. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पुढचं कसं वाचलं, माहीत नाही. शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच बाबांनी डोळे मिटून हिब्रूत आरंभ धरला, बेरेशीत, म्हणजे प्रारंभी. हरवलेलं पान सगळं तोंडपाठ. मला अर्थ अर्धाच लागला, पण ते थांबेनात आणि मला ते थांबायला नको होते.

मंगळ., ११
चाचांच्या टांग्यातून सेवाग्राम. हे बाहेर बाकावर बसल्या बसल्या झोपलेले. नर्सबाई म्हणाल्या, पहाटे घाम आला, ताप थोडा उतरला, पण काल असाच उतरून पुन्हा चढला होता, इतक्यात काही सांगता येत नाही. पेज द्यायची, उठवा त्याला.
वाकले. ओठांवर नाव आलं, तिथेच अडलं. मुसा म्हणावं तर... हाईम म्हणावं आणि त्याने ओ दिलीच नाही तर?
पेज खाली ठेवली. त्याचा तळवा हातात घेऊन बसले आहे, डाव्या हाताने हे लिहिते आहे. आपणहून डोळे उघडू देत.