चौदा खांबांवरचे उलटे ठोकळे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, आधी रस्त्याच्या कडेला बसून किल्ल्या घासणारा, नंतर कुलपं-बिजागऱ्यांच्या दुकानाचा मालक आणि गेली सहा वर्षं फक्त एका खुर्चीचा मालक, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा कागद दिला आहे. गुडघे आणि फुप्फुसं त्या कागदात येत नाहीत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर हे काम केव्हाच उरकलं असतं. याआधी असा कागद मी केलेला नाही.

कलम १. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं. विकायचं तर खुशाल विका. फक्त भिंतीपलीकडे "बाबांसमोर आत्ता नको" असं कुजबुजत बसू नका, मला ऐकू येतं. सगळं शरीर दमलं, कान तेवढे दमले नाहीत. गिऱ्हाईक कुलूप हातात घेऊन बायकोच्या कानात काय म्हणतं ते ऐकून मी भाव सांगायचो. हे घर त्यातूनच उभं राहिलं.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलीला. मुलाला दुकान आधीच दिलेलं आहे, तेव्हा त्याने तोंड वाकडं करू नये. सुनेने माझ्या आजारपणात सगळं केलं. कुरकुरत केलं, पण केलं. माझ्या कैलासवासी पत्नीच्या बांगड्या तिला. मुलीला विचारलं आहे, तिची हरकत नाही.

कलम ३. मागच्या खोलीतलं टेबल, बारीक करवत, कानशी आणि चिमटे यांसह मी केलेले छोटे आगगाडीचे पूल आमच्या गल्लीतल्या शाळेला, काचेच्या कपाटात ठेवणार असतील तर. मेहुण्याला काहीही नाही. माझ्या पहिल्या पुलावर त्याने चहाचा कप ठेवला आणि वर म्हणाला, "पूल आहे ना? मग पेलू दे की."

कलम ४. मोठा दगडी पूल. म्हणजे दिसायला दगडी. आहे पुठ्ठ्याचा आणि लाकडाचा. चौदा खांब, पंधरा कमानी, लांबी साडेनऊ फूट. बांधला मी, रंगवला माझ्या मित्राने. हा मित्र दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पुलाखालच्या पितळी पट्टीवर मात्र नाव माझ्या एकट्याचं आहे.

आमची पद्धत अशी होती: मी खांब करायचो, तो ते घरी नेऊन एकेक रंगवायचा. ज्या खऱ्या पुलावरून हा केला, त्याला थोडा उतार आहे. पावसाचं पाणी त्या उताराने खालच्या टोकाला जातं आणि तिथल्या खांबांवरून गळतं. म्हणून तिथे ओल, शेवाळ, चुन्याचे पांढरे ओघळ; वरच्या टोकाचे खांब कोरडे. हे सगळं त्याने नकाशा समोर ठेवून चार महिने रंगवलं. मग जोडणी माझी. उतार यावा म्हणून प्रत्येक खांबाच्या डोक्यावर कमी-जास्त जाडीचा एक ठोकळा बसतो. ते चौदाही ठोकळे मी उलट क्रमाने चिकटवले. उतार फिरला, ओघळ राहिले तिथेच.

आमच्या मॉडेलवाल्या मंडळाच्या प्रदर्शनात परीक्षकांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "काय हो, तुमच्याकडे पाणी चढावर वाहतं का?" लोक हसले. माझ्या मागून मित्र पुटपुटला, "अरे, ठोकळे उलटे बसलेत." मला स्वच्छ ऐकू आलं. आणि मी मोठ्याने म्हणालो, "रंगकाम माझं नाही, साहेब. पाट्या रंगवणाऱ्याकडून आणखी काय होणार?"

तो तिथून निघून गेला. त्यानंतर मंडळात त्याला कोणी काम दिलं नाही. "चढावरचं पाणी" हे नाव त्याला तिथे अजून चिकटलेलं आहे. अकरा वर्षं झाली. मला काही ऐकूच आलं नाही, असं मी पत्नीलाही ती असेपर्यंत सांगत राहिलो. ते खोटं आहे. चूक माझी होती आणि ती मला तिथेच, उभ्या जागी कळली होती. हे कलम मंडळाच्या सभेत वाचून दाखवावं. पूल मित्राला द्यावा. त्याने नाकारला तर आग्रह करू नये.

कलम ५. हे आज सकाळी वाढवलं. साक्षीला मित्राला बोलाव, असं मुलीला सांगितलं होतं. येईल असं वाटलं नव्हतं. जिन्यात तीनदा थांबत आला. हा कागद करायला आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "काका, ज्यांना या कागदातून काही मिळतं त्यांना साक्षीदार करायचं नसतं."

"मला काय मिळतंय?" त्याने विचारलं.

मी कलम चार पुढे केलं. त्याने ओळींवरून बोट फिरवत दोनदा वाचलं.

"म्हणजे तुला ऐकू आलं होतं."

"हो."

"मला वाटायचं, गर्दीत आलं नसेल. अकरा वर्षं तेवढी सूट देत होतो तुला."

त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला.

मग तो वकीलबाईंना म्हणाला, "बाई, पूल काढा यातून. मी सही करतो."

"नको तुला?" मी विचारलं.

"मेल्यावर नको. आत्ता दे. ठोकळे तू काढायचेस, माझ्यासमोर. आणि सभेत वाचायचं तेही तूच. तू गेल्यावर दुसऱ्याने वाचलं तर मी बघू कोणाच्या तोंडाकडे?"

"हात कापतात रे माझे."

"कापू देत. मला कुठे घाई आहे?"

सबब कलम चारमधलं पुलाचं देणं रद्द. पूल आजपासून त्याचा. ठोकळे निघेपर्यंत तो माझ्या टेबलावर राहील. कबुलीचा मजकूर एक शब्दही न खोडता तसाच ठेवावा. मी फार दमलो आहे, पण मंडळाची सभा रविवारी आहे. मुलाने मला गाडीतून न्यावं. तोवर हे मृत्युपत्र कोणी उघडण्याची वेळ येऊ नये.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा

लिहून देणार: (सही, थोडी वाकडी)

साक्षीदार १: तळमजल्यावरचे शिंपी (सही)

साक्षीदार २: पाट्या रंगवणारा (सही, तिच्याखाली त्याच्याच वळणदार अक्षरात: "कलम चार वाचलं. बाकीची वाचली नाहीत.")