पाचव्या कप्प्यातली चिठ्ठी

बुधवार, २ डिसेंबर १९९८

काल लिहिलं की ग्रंथालयात प्राध्यापकांसाठी पाच कप्पे आहेत आणि प्राध्यापकही पाच. चूक. कप्पे पाच, प्राध्यापक चार. कालचं वाक्य पुसलेलं नाही, त्यावर एक रेघ मारून तारीख घातली आहे. पाय अधू म्हणून चौथीपर्यंत वडिलांनी, अण्णांनी, मला आमच्या गावी निमगाव साव्यात घरीच शिकवलं आणि पहिला धडा हाच दिला: चूक पुसायची नाही, दिसू द्यायची, शेजारी बरोबर काय ते लिहायचं.

बाकी ग्रंथालयातली ही नवी नोकरी छान आहे. जुन्नरजवळचं छोटं कायदा कॉलेज, खिडकीतून लेण्याद्रीचा डोंगर दिसतो. वर्ग सकाळी असतात, दुपारी सगळीकडे शांत. प्राध्यापक हवा तो निकाल किंवा कलम चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतात. मी शोधायचं, खूण घालायची आणि खंड त्यांच्या कप्प्यात ठेवायचा. कायदा बदलला की छापील दुरुस्ती-चिठ्ठी येते. ती जुन्या कलमावर डिंकानं चिकटवायची आणि कोपऱ्यात ज्या दिवशी चिकटवली ती तारीख घालायची. ग्रंथपाल हौशीराम सर मेमध्ये निवृत्त होणार आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला डब्यातली मासवडी दिली. मला इथं आवडेल.

मंगळवार, ८ डिसेंबर

पेटीत एक जादा चिठ्ठी निघाली. निळ्या पेन्सिलीनं लिहिलेली. जमिनीच्या कायद्याचा एक खंड मागितलेला. ‘अपिलाची मुदत किती? दुरुस्ती असल्यास खूण घालावी.’ सही ‘अं.’ आणि तारीख ११ मार्च १९९६. जुनी चिठ्ठी पेटीच्या फटीत अडकली असेल. तरी मागणी ती मागणी. पाहिलं, मुदत नव्वद दिवस, दुरुस्ती नाही. खंड पाचव्या कप्प्यात ठेवला.

जेवून आले तर तो टेबलावर उघडा होता. पानावर खडूची बोटं उमटलेली.

शनिवार, १२ डिसेंबर

चिठ्ठी रोज येते. तीच, त्याच तारखेची.

झाडलोट करणाऱ्या सोनीबाईंना विचारलं. पाचवा कप्पा अंजना मॅडमचा होता. पारगावकडच्या, त्यांच्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या. ऊसतोड करणाऱ्या साळुबाईच्या घराच्या जागेचा खटला त्यांनी फुकट चालवला होता. अपील सत्तराव्या दिवशी केलं आणि तेव्हाच कळलं की मुदत कायद्यानं आधीच साठ दिवसांवर आणलेली. आपल्या खंडात तर अजून नव्वदच आहे. साळुबाईची जागा गेली. मॅडमच्या सेवापुस्तकात ‘हलगर्जीपणा’ असा शेरा पडला. त्यांनी अन्न सोडलं, वर्ष काढलं नाही.

सोनीबाई म्हणाल्या, “लई नीट वाचायची बाई, ताई. बोट ठेवून वाचायची. ती कशी चुकंल?”

सोमवार, १८ जानेवारी १९९९

हौशीराम सरांच्या खालच्या खणात डिंक शोधत होते. दुरुस्ती-चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा सापडला, दोरासुद्धा न सोडलेला. पाकिटावर ४ जानेवारी १९९६ चा शिक्का. त्यात त्याच कलमाची दुरुस्ती-चिठ्ठी होती. नव्वदऐवजी साठ.

म्हणजे मॅडमनी मार्चमध्ये पाहिलं तेव्हा पुस्तकात नव्वदच होतं. त्या चुकल्या नव्हत्या.

सर रडले. त्या हिवाळ्यात त्यांची बायको पुण्यात दवाखान्यात होती, गठ्ठा खणात टाकला आणि राहून गेला. नंतर सांगायचं धैर्य झालं नाही. आता शेरा काढावा म्हणून मॅडमच्या आईनं अर्ज केला आहे, २२ फेब्रुवारीला समिती येऊन पुस्तक तपासणार आहे. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

मी दुरुस्ती-चिठ्ठी चिकटवली. सरांनी सांगितली ती तारीखही मीच घातली. ५ जानेवारी १९९६, जणू आली तशी लगेच चिकटवली.

बुधवार, ३ फेब्रुवारी

मॅडमच्या आई आल्या, द्रौपदाबाई. अक्षरओळख नाही. बसा म्हटलं तरी उभ्याच राहिल्या.

“माजी पोर वाचायला चुकली का, यवढंच बघून सांगा, बाई.”

मी खंड काढला आणि त्यात जे आहे ते फक्त वाचून दाखवलं. त्यांनी पानावर तळवा ठेवला, बराच वेळ.

“मंग चुकलीच व्हती म्हणायची,” म्हणाल्या.

जाताना ओल्या हरभऱ्याची जुडी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. लेकीला आवडायची म्हणून.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

आजच्या चिठ्ठीत प्रश्न नव्हता. तीच निळी पेन्सिल.

‘मी पाहिलं तेव्हा ही चिठ्ठी नव्हती.’

खाली आजची तारीख.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

भर दुपारी कपाटातून आवाज येतो. नखानं कागद खरवडल्यासारखा. जवळ गेलं की थांबतो. खंड उघडला. चिकटवलेल्या चिठ्ठीची कड उचकटलेली होती, भोवती खडूची बोटं. बोटं लहान आहेत. माझ्यापेक्षाही.

मी पुन्हा डिंक लावला. का लावला? हात आपोआप—

रविवार, १४ फेब्रुवारी

घरी गेले होते. अण्णांनी नेहमीसारखी वही मागितली, अक्षर पाहायला. दिली नाही. ते चष्मा काढून पुसत बसले.

बुधवार, १७ फेब्रुवारी

ही वही माझ्या खोलीत पेटीत कुलपात असते. आज उघडली तर ३ फेब्रुवारीच्या पानावर खडू. एकाच ओळीवर. ‘फक्त वाचून दाखवलं.’ ओळीखाली बोट ठेवून कुणी हळूहळू वाचलं असावं तसं—

दुरुस्ती: ते खरं नाही. द्रौपदाबाईंनी विचारलं होतं, ही चिठ्ठी तवा व्हती का? मी हो म्हटलं. तोंडानं म्हटलं. त्या आईला मी—

गुरुवार, १८ फेब्रुवारी

सरांना सांगितलं की मी बोलणार. ते म्हणाले, तुझीही नोकरी जाईल, पोरी. हो, म्हटलं. मग म्हणाले की दोन वर्षं मीही तो खरवडण्याचा आवाज खणातून ऐकतोय. म्हणून खण उघडत नव्हतो.

शनिवार, २० फेब्रुवारी

आज चिठ्ठी नाही. आवाज नाही. भीती आता जास्त वाटते.

पाचव्या कप्प्यापाशी कुणीतरी उभं असतं. मी मान वर करत नाही. ती रागावलेली नाही, एवढं कळतं. वाट पाहते आहे. बरोबर काय ते शेजारी लिहिलं जाण्याची.

चिकटवलेली चिठ्ठी फाडणार नाही. खोट्या तारखेवर एक रेघ मारीन, ती दिसू देईन, शेजारी खरी तारीख घालीन, १८ जानेवारी १९९९, आणि खाली माझी सही. समितीच्या डोळ्यांदेखत. द्रौपदाबाईंनाही बोलावणं धाडलं आहे.

पानावर आत्ता, माझ्या बोटाशेजारी, खडूचं लहान बोट उमटतं आहे—

समिती सोमवारी येते. २२ फेब्रुवारी १९९९, सकाळी अकरा वा—