क्लिफर्डचं पडणं

२ ऑक्टोबर १९७५, गुरुवार

स्वयंपाकघरातलं शेल्फ पडलं. क्लिफर्डच्या अंगावर. त्यावर कस्टर्डचं पातेलं ठेवायची कल्पनाही त्याचीच!

आमच्या आईचं ओकचं शेल्फ ते. जुन्या घरात वीस वर्षं होतं, कधी हललं नाही. माझ्या मेहुण्याने, याच क्लिफर्डने, या घरात लावलं आणि सहा महिन्यांत खाली. तो कपाळावरून कस्टर्ड निथळत उभा, हातात फक्त चमचा, आणि म्हणतो काय — "जेवण वाढलंय, या!"

भिंतीपलीकडून मिसेस गारसाइड ओरडल्या, "डोरीन, पडला का गं तुझा सिरिल?"

सिरिल म्हणजे टीव्हीवरचा गुरुवारचा नवरा. दर आठवड्याला काहीतरी अंगावर पाडून घेतो आणि सगळं शेफील्ड पोट धरून हसतं. गल्लीत क्लिफर्डला आता त्याच नावाने हाक मारतात. तोही ओ देतो. लाज नावाची गोष्ट त्याच्या घडणीतच नाही.

डोरीन ओट्याला टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझी बहीण, शाळेत गणितात माझ्यापुढे असायची! मी फरशी पुसली.

४ ऑक्टोबर

डर्बीची नोकरी पक्की. मोठी प्रयोगशाळा, नोव्हेंबरपासून. राहायला दोन खोल्या देणार आहेत. मी डोरीनला म्हटलं, "दुसरी तुझी. चल माझ्याबरोबर."

ती म्हणाली, "आणि क्लिफ?"

"क्लिफचं काय? त्याला पडायला जमीन सगळीकडे मिळेल."

हसली नाही. "बघते," म्हणाली.

मी इथे आले एप्रिलमध्ये. मार्चमध्ये तिचं बाळ मेलेलंच जन्मलं, त्यानंतर ती अंथरुणातून उठेना. दोन आठवड्यांसाठी म्हणून आलेली मी अजून इथेच आहे. आता ती उठते, कपडे करते, दुकानात जाते. पण आयुष्यभर या माणसामागे फरशी पुसत राहायची? वरच्या, बाळासाठीच्या लहान खोलीचं दार अजून बंद आहे. आत भिंतींना पिवळा कागद लावलाय. तो क्लिफर्डनेच लावला होता. एकही सांधा दिसत नाही, कसा काय कोण जाणे.

५ ऑक्टोबर, रविवार

मांस कापताना क्लिफर्ड खुर्चीसकट मागे गेला. पुडिंग छताला चिकटलं. अक्षरशः चिकटलं! डोरीन हसून हसून टेबलाखाली.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही, प्रोफेसरबाई. छताला विचारा."

त्याला कधीच लागत नाही. एवढ्या पडझडीत साधं खरचटतही नाही. तो बसच्या डेपोत फिटर आहे. ब्रेक बसवतो. मी कामाला चालत जाते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज मुद्दाम सगळा कार्यक्रम बघितला. सिरिल घरच्या घरी गरम पाण्याची टाकी दुरुस्त करतो. टाकी, छप्पर आणि सासूबाई, या क्रमाने खाली येतात. कुठलाही सांधा असा तुटत नाही. पोलाद आधी ताणलं जातं, मग तुटतं. मी पोटापाण्यासाठी तुटलेल्या वस्तूच बघते. पुलाचे बोल्ट, क्रेनचे हुक, कशामुळे गेले ते सांगायचं. सिरिलच्या घरात काहीच कशामुळे जात नाही. सगळं लेखकाने सांगितलं म्हणून जातं. आणि लोक हसतात.

क्लिफर्डला तर तेही कळत नाही. कार्यक्रमभर तो पडद्याकडे बघतच नव्हता, डोरीनकडे बघत होता. कुठे हसायचं ते बायकोचं तोंड बघून ठरवणारा माणूस!

१४ ऑक्टोबर

कचऱ्याच्या डब्यावर चढून छपराची पन्हळ साफ करायला गेला. डबा घसरला. साहेब मिसेस गारसाइडांच्या कुंपणाच्या झुडपात, पाय वर. खिडक्या उघडल्या, टाळ्या पडल्या.

मिसेस गारसाइड म्हणाल्या, "अरे, माझ्या झुडपात तुला कोणी बोलावलं होतं? माझा नवरा अजून जिवंत आहे!"

डोरीन दारात घरातल्या चपला घालून उभी, हसत. मी क्लिफर्डला बाजूला घेऊन सांगितलं, "ती माझ्याबरोबर डर्बीला येणार आहे. इथे तिचा तमाशा होतो. तुझाही, पण तुझं तू बघ."

मला वाटलं, भांडेल. त्याने केसांतली पानं काढली. म्हणाला, "तिला बरं वाटणार असेल तर ने."

भांडायचाही दम नाही.

२० ऑक्टोबर

क्लिफर्डला आजपासून डेपोत दुपारची पाळी. रात्री अकराला येतो. सगळा आठवडा घर शांत राहणार. आज काही पडलं नाही, काही फुटलं नाही. कसलं सुख!

२१ ऑक्टोबर

डोरीन उशिरा उठली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सिरिल नव्हता. फुटबॉल होतं त्या जागी. डोरीन बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिली. मी चहा दिला तो तसाच गार झाला.

मग म्हणाली, "येते मी डर्बीला, हेझ."

मी जिंकले! सुटकेस कपाटावरून काढून तिच्या पलंगाशी ठेवली. ती बघत होती, पण सुटकेसकडे नाही. हे मी लिहून ठेवते, कारण मला ते आवडलं नाही.

२४ ऑक्टोबर

आज ती दुपारपर्यंत उठली नाही. पडदेही बंद. मार्चसारखं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

क्लिफर्डने परत टांगलेलं आईचं शेल्फ डर्बीला न्यायचं म्हणून चारही स्क्रू काढून उतरवलं. भरल्या वजनाने निखळलेला स्क्रू भोक फाडून येतो. गिलावा सुटतो, लाकडाचे तंतू उभे राहतात. इथे काहीच नाही. भोकं जशीच्या तशी, कडा स्वच्छ. आधाराच्या पट्ट्या सरळ.

शेल्फ पडलं नव्हतं. स्क्रू आधी काढून ठेवले होते.

मग खुर्ची बघितली. मागच्या पायाचा डिंक वाफ देऊन सोडवलेला, सफाईने. प्रयोगशाळेत मी इतकं नीट करू शकले नसते. मागच्या अंगणात कचऱ्याचा डबा बघितला. बुडाला साबण. कुंपणात, जिथे तो पडला तिथे पानांखाली, जुनी गादी.

क्लिफर्ड शेडमध्ये होता. चारही स्क्रू मी त्याच्यासमोर ठेवले.

त्याने आधी दार लावलं. "तिला सांगितलंस?"

"नाही. किती दिवस चाललंय हे?"

"मेपासून. एका गुरुवारी टीव्हीवरचा तो गधडा शिडीवरून पडला आणि डोरीन हसली. एवढंसंच. बाळानंतर पहिल्यांदा. म्हटलं, तो आठवड्यातून एकदाच येतो. बाकीचे दिवस कोण पडणार?"

"आणि सगळी गल्ली तुला हसते ते?"

"हसू देत की. ती पण त्यातच हसते ना."

मी विचारलं, "मान मोडली असती तर?"

तो दुखावला. खरंच दुखावला, पहिल्यांदाच. "प्रोफेसरबाई, मी बसचे ब्रेक बसवतो."

मी निघाले तेव्हा मागून म्हणाला, "तिला खुशाल ने. पण तिकडे कोणीतरी पडायला हवं. तुला जमेल का?"

२७ ऑक्टोबर

डोरीनला सांगितलं, डर्बीत एकच खोली मिळतेय. खोटं बोलायला मला नीट येत नाही, तिला कळलं असावं. "हो का," म्हणाली. संध्याकाळी सुटकेस परत कपाटावर होती. खुर्चीवर चढून तिनेच ठेवली.

शेल्फ मी जागेवर लावलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

क्लिफर्डची अजून दुपारचीच पाळी. आजही फुटबॉल. डोरीन सकाळपासून गप्प.

जेवणाआधी माझ्या खुर्चीचा मागचा पाय सोडवून नुसता टेकवून ठेवला. पडायला अठरा इंच. मागे उशी. हातात कस्टर्डचं भरलेलं भांडं. मिसेस गारसाइडांना ऐकू जावं म्हणून खिडकी उघडली.

डोरीनला हाक मारली, आणि बसले.