अण्णा, आपला संघ कधीच हरला होता

प्रिय अण्णा,

'प्रिय' हाताच्या वळणानं लिहून गेलं. खोडत नाही. पण आज तुम्हाला नमस्काराचं शरणु म्हणणार नाही, हे ठरवूनच बसलोय. बार्शीहून उमरग्यापर्यंत भांडण तोंडात धरून आलो आणि बघतो तर दुकानाच्या फळ्या लावलेल्या! तुमच्या घरच्या अक्का म्हणाल्या, तापानं गेले. आता मी भांडू कुणाशी?

म्हणून तुमच्या शेतात येऊन हे लिहितोय. तुम्हा लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवून पुरतात, ते एक बरं झालं. आडव्या माणसाशी भांडायला माझा जीव झाला नसता. तुम्ही बसलेले आहात, दुकानात बसायचात तसेच. तर ऐका. आणि मधी बोलू नका!

शाळेत माझी उर्दू झाली तिसरीपर्यंत, मराठी घरची, कानडी तुमच्या ओट्यावरची. तिन्ही अर्धी. तेव्हा लिहिण्यातल्या चुका काढायच्या नाहीत.

शिमग्याच्या आधी तुमच्याच रेडिओवर आपण ऐकलं की हिंदुस्थानचा टेनिसचा संघ विलायतेला जाणार, देशादेशांच्या सामन्यात खेळणार. ओट्यावर टेनिस कुणाला ठाऊक होतं? तहसीलदाराच्या बंगल्यामागं चुन्याच्या रेघा मारलेलं पटांगण, मधी जाळं, दोन साहेब एकमेकांकडं चेंडू टोलवतायत, एवढंच आम्ही कुंपणातून बघितलेलं. चाँदभाई टांगेवाला म्हणाला होता, "दोघांलाबी नको असंल तर ठेवा की खाली! किती येळ ह्यानं त्याला द्यायचा न् त्यानं ह्याला?" तुम्हाला हसून हसून ठसका लागला होता.

त्याच चाँदभाईनं मग हळूच विचारलं, "अण्णा, अपनी टीम बोले तो किसकी? अपन तो निजाम सरकार के."

सगळ्यांनी आधी रस्त्याकडं बघितलं. तिकडं सोलापूर-बार्शीला तिरंगा लागून सहा-सात महिने झाले होते, इकडं त्याचं नाव घ्यायच्या आधी माणूस मागं वळून बघायचा. तुम्ही गुळाची ढेप फोडता फोडता म्हणालात, "ती जिंकली न् तुला बरं वाटलं, तर तुझी. न्हाय वाटलं तर दुसऱ्याची. जा, घोड्याला पाणी दाखव."

अण्णा, त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस खोटं बोलूच शकत नाही.

मग हिंदुस्थान सरकारनं नाकेबंदी केली. तोवर रेडिओची बॅटरी मीच मोटारीच्या टपावर मांडीत घेऊन सोलापूरला भरायला न्यायचो. एकदा आतलं तेजाबाचं पाणी सांडून माझं धोतर चाळणीसारखं झालं आणि सोलापूरच्या स्टँडावर... जाऊ द्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. मोटारी बंद झाल्या, बॅटरी भरायचं बंद झालं. मी म्हणालो, आता सामने कसे कळायचे? तुम्ही म्हणालात, "हाय अजून थोडा जीव तिच्यात. मोठ्यानं लावलं की बॅटरी खाती. बारीक लावून म्या एकटाच ऐकतो." शिवाय दिल्लीचं स्टेशन लावलंय असं कुणाच्या कानावर गेलं असतं तर दुकान जाळलं असतं निजामाच्या लोकांनी. कुणालाबी पटलं असतं. मला तर लगेच पटलं.

दिवेलागणीला तुम्ही आत जायचात, दार लोटून घ्यायचात. आम्ही ओट्यावर श्वास धरून. मग तुम्ही बाहेर यायचात, कपाळावरची विभूती घामानं फिसकटलेली, आणि म्हणायचात, "बारो नाम्या, ये, बस. आज थोरल्यानं काय केलं म्हाईताय?"

खेळणाऱ्यांची नावं तुम्ही कधी घेतली नाहीत. आपला थोरला आणि आपला धाकटा. थोरला शांत, धाकटा तापट. "चेंडू जाळ्याच्या काठावर जाऊन बसला. इकडं पडू का तिकडं पडू? सगळी विलायत उभी राह्यली! न् मग पलीकडं उतरला, अलगद, चिमणी उतरावी तसा." चाँदभाईनं पागोटं उडवलं होतं. विंग्रजाला पाडलं, मग दुसरा देश, मग तिसरा. दर सामन्यात आपण आधी हरत आलेले आणि शेवटी जिंकलेले. दर सामन्यात! तेव्हाच मला शंका यायला नको होती?

मी भटक्या माणूस. कधी मोटारीवर हमाल, कधी जत्रेत पाळणा ढकलायला. तुमची बातमी मी खिशात घालून नेली, ढोकीच्या स्टेशनावर, परंड्याला, सोनारीला. तुम्हीच म्हणालात ना, "सांग जा. लोकांला काहीतरी चांगलं ऐकू दे." मग मी सांगितलं. जेवायला वाढण्याआधी लोक विचारायचे, नाम्या, धाकटा काय म्हणतो? माझं बोलणं कुणी एवढं ऐकलंय का कधी?

सोनारीच्या सखूआत्याबद्दल तुम्हाला बोललो होतो. भैरोबाच्या देवळापाशी तेल-फुलं विकते. तिचा लेक निजामाशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला, तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. तिनं थोरल्या-धाकट्याचं ऐकलं आणि चपला काढून देवळाच्या पायरीखाली ठेवल्या. म्हणाली, "ही पोरं शेवटपतोर जिंकू देत, तवाच घालीन. ती घरला आली की माझंबी येतंय बघ." वैशाखात, अण्णा! तिथली फरशी तव्यासारखी तापते. मी तिच्या टाचा बघितल्या होत्या. तुम्हाला येऊन सांगितलं, तर तुम्ही तराजू पुसून ठेवलात. मग म्हणालात, "अजून एक सामना हाय म्हणावं."

तेव्हा का नाही थांबलात?

गेल्या आठवड्यात चोरवाटेनं बार्शीला गेलो. तिथं हॉटेलात कॉलेजातली तीन पोरं, एकाच्या हातात टेनिसची बॅट. मी आपणहून म्हणालो, आपला संघ लई जोरात हाय राव! ती माझ्याकडं बघतच राहिली.

"कुठला संघ?"

"हिंदुस्थानचा. तिसरा देश पाडला की!"

"अहो पाव्हणं, पहिल्याच लढतीत हरले ते. केव्हाच परत आले!"

मी त्याला खोटारडा म्हणालो. गळपट्टी धरली त्याची. हॉटेलवाल्यानं सोडवलं आणि म्हणाला, "निजामाकडनं आलाय जणू. तिकडं सगळंच उशिरा पोचतं." सगळी हसली. अण्णा, मी तुमच्यासाठी मारामारी केली, आणि खोटारडे तुम्ही होता!

तरीबी वाटेत तुम्हाला सोडवत आलो. म्हटलं, अण्णांनी चुकीचं स्टेशन लावलं असंल. आवाज बारीक, ऐकताना घोटाळा झाला असंल. मग अक्कांना विचारलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अरे, ते डबडं शिमग्यापासनं मुकंच हाय. ते आत जाऊन नुसते बसायचे. डोळे मिटून."

म्हणजे हरलेलं लपवलंत असंबी नाही. तुम्हाला काही ठाऊकच नव्हतं. तिकडं ती पोरं बोटीत बसून घरी आली, आणि इकडं तुम्ही त्यांना तिसऱ्या देशाशी खेळवत होता.

चाँदभाईला मी सांगितलं. तो घोड्याच्या मानेवर हात फिरवत राहिला. म्हणाला, "झूट था तो भी अच्छा खेलते थे." त्याला सोपं आहे. त्यानं ते कुणाला विकलं नव्हतं. मी तुमचं नाणं गावोगाव चालवलं, खरं समजून. तुम्ही एकदा मला एकट्याला आत बोलवून म्हणाला असतात, नाम्या, हे आपलं असंच आहे, तर? मी सांगत फिरलो असतो का? फिरलोबी असतो कदाचित. पण सोनारीला गेलो नसतो. तेवढं तरी मला राखायचं होतंत.

माझ्यावर तुमचा एवढाबी भरवसा नव्हता?

राग लई आहे. रडू त्याच्यापेक्षा कमी आहे, ते मागाहून येईल बहुतेक.

आता शब्द देतो तुम्हाला. तुम्ही मागितलेला नाही, तरी घ्या. इथनं उठून थेट सोनारी. वाटेत ना जत्रा बघणार, ना कुणाच्या पंगतीला बसणार. सखूआत्याच्या चपला मी माझ्या हातानं तिच्या पायापाशी ठेवीन आणि सांगीन, आत्या, संघ पहिल्याच लढतीत हरला. त्याचं तुझ्या लेकाशी काही नातं नाही. तो येईल का, मला माहीत नाही. ती माझ्या थोबाडीत मारील. मारू दे.

मग ती विचारील, "अण्णानं असं कशापायी केलं रं?"

उत्तर बनवायला मला काय वेळ लागणार? तुमच्याच ओट्यावर शिकलोय. तिचे डोळे पुसतील, तुमचं नाव राहील, असं काहीतरी चिमणीसारखं अलगद उतरवता येईल मला. पण मी म्हणेन, "आत्या, म्हाईत न्हाय." आणि तिच्याजवळ बसून राहीन.

तुमच्या ओट्यावरचा,
नाम्या